काडीवरचा नारू

उमरगा
६ मे १९८६

दादा, नमस्कार.

हे निळं इनलँड मी संक्रांतीला घेतलं. तेव्हापासून खिशात आहे. घामानं त्याचा रंग शर्टाला लागला, शर्टाचा मळ त्याला लागला, पण अक्षर काही पडलं नाही. रोज वाटायचं, ह्या गावाहून नको, पुढच्या गावाहून लिहू. ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर असलेल्या माणसाला पुढचं गाव कधी संपत नाही.

तू गेलास तेव्हा आठवडाभर तुझ्यावर राग होता. गेला उन्हाळा कसाबसा घरी काढला, मग माझाही पाय घरात ठरेना. सोलापूर-हैदराबाद, हैदराबाद-सोलापूर. मध्ये चार दिवस सोनारीच्या जत्रेला गेलो. कशाला गेलो विचारू नको, जीप चालली होती, बसलो. तिथं माकडं लई. एकानं माझी टोपी नेली आणि देवळाच्या शिखरावर बसून घालून बघितली. खोटं नाही, त्याला शोभत होती.

तर काय सांगत होतो. पाय. डाव्या घोट्याच्या वर एक फोड आलाय. लिंबाएवढा. नुसती आग होते, आत कुणी निखारा ठेवल्यासारखी. ड्रायव्हर म्हणाला, "तुझं तोंड बघून मला गाडी चालवंना, घरी जा." म्हणून इथं नाक्यावर उतरवलंय. लोहाऱ्याची एसटी मिळाली की घरी जातो. आई काय म्हणेल माहीत नाही. तुझी वहिनी, म्हणजे माझी वहिनी, तुझी बायको, आणि मुक्ता दिवाळीपासून माहेराहून परत आल्यात असं कळलं. तू त्यांना कारखान्यावर नेणार होतास, खोली मिळाली की. मिळाली का?

उत्तर दे. घरच्या पत्त्यावर दे.

तुझा महारुद्र


गाव
१० मे

दादा,

फोड फुटला. नारू आहे.

परवा पाय इतका पेटला की आईनंच सांगितलं, "जा, बारवंत पाय सोडून बस, थंड पडतंय." लंगडत गेलो. पायऱ्या आता निम्म्या उघड्या पडल्यात, पाणी पार तळाला हिरवं. शेवटच्या पायरीवर बसून दोन्ही पाय आत घातले आणि दादा, तुला सांगतो, असं सुख मला जत्रेत मिळालं नाही. डोळे मिटले. फोड फुटला ते कळलंही नाही. पाण्यात दुधासारखं काहीतरी पांढरं पसरलं आणि वातीसारखं त्या जंताचं एक टोक बाहेर लोंबायला लागलं. शेजारी आणखी दोघे पाय सोडून बसलेच होते. वरच्या पायरीवर बाया घागरी बुडवत होत्या. एकमेकांची चौकशी चालली होती, तुझा कवा निघाला, माझा हाटेना, असं.

आता ते टोक निंबाच्या काडीला गुंडाळलंय. रोज जेवढा सैल होईल तेवढाच गुंडाळायचा, ओढायचा नाही. तुटला तर आत सडतो. एका काडीनं मला बांधून टाकलंय. मी, ज्याला एका हॉटेलात दोनदा चहा प्यायला आवडत नाही, तो भिंतीला टेकून स्वतःच्या पायाकडं बघत बसलोय.

वहिनी पहाटे रोजगार हमीवर खडी फोडायला जाते. दुपारी मुक्ता माझ्याजवळ असते. तिला वाटतं काडीला मी गाय बांधलीय. "काका, त्येला पाणी पाज की," म्हणते. तुझ्यासारखीच भुवई वर करते. तू तिला बघून दीड वर्ष झालं असेल.

आता टँकर येतो, एक दिवसाआड. गावात टाकी नाही म्हणून नळी बारवेत सोडून रिकामा करतात. लोकांना बरं वाटतं, बारव भरल्यासारखी दिसते.

महारुद्र


गाव
१५ मे

दादा,

हे पत्र नीट वाच. मध्ये भरकटलो तरी वाच.

काल शांतलिंग आला होता. सरकारी माणूस, नारूचं काम त्याच्याकडं आहे, सायकलवर फिरतो. माणूस उंच आणि सायकल लेडीज, पोरं मागं लागतात. त्यानं माझा पाय बघितला आणि विचारलं, "पाय बारवंत घातला व्हता का?" मी म्हणालो, घातला, लई बरं वाटलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग सांगितलं. ते जे दूध पसरलं ते दूध नव्हतं, नारूची पिल्लं होती, मोजता येणार नाहीत इतकी. पाण्यात बारीक किडे असतात, डोळ्याला नीट दिसतही नाहीत, ते ही पिल्लं गिळतात. पंधरवड्यात ती किड्याच्या पोटात तयार होतात. ते पाणी जो पितो त्याच्या पोटात ती उतरतात, आणि वर्षभर काही म्हणजे काही कळत नाही. माणूस हसतो, खेळतो, लग्न करतो. पुढच्या उन्हाळ्यात फोड येतो. आग होते. मग तो काय करतो? बारवेत पाय सोडतो.

मी विचारलं, गोळी? तो म्हणाला, "जिल्ह्याला मीटिंग झाली, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. लई ठिकाणी लई गोळ्या देऊन बघितल्या, ह्यो मरत न्हाय. लस न्हाय. पाण्यात पाय घालायचा न्हाय, आन गाळल्याबिगर प्यायचं न्हाय. दोनच गोष्टी. जगातनं देवी संपली, आता ह्येचा नंबर लावलाय."

आई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "देवीला घालिवलं म्हणूनच ह्यो आला. एक दार लावलं की दुसरं उघडतंय." शांतलिंगला हसू आलं, मलाही आलं, पण ते लगेच गेलं. कारण मुक्ता तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती.

शांतलिंगनं माघी पौर्णिमेलाच घरोघर पाणी गाळायला कापड वाटलंय. पांढरं, बारीक विणीचं, नवं कोरं. आमच्या गावात नवं कोरं कापड घागरीला कोण बांधतंय? निम्म्या गावाच्या पोरांना झबली झाली. आईनंही मुक्ताला शिवलं, गळ्याला लाल दोरा घालून. दादा, ती झबलं घालून उभी होती आणि पाणी तसंच पीत होती. गाळणी अंगात आणि पाणी पोटात.

आता पुन्हा मागितलं तर कापड पावसाळ्यानंतर येणार म्हणतात. वहिनीनं लुगड्याचा पदर बांधून बघितला, वीण विरळ आहे, चालत नाही असं शांतलिंग म्हणाला. बारवेत तो औषध टाकणार होता. ते लोकांनी टाकू दिलं नाही, महादेवाच्या पाण्यात जहर कालवतो म्हणून हात धरला.

एक गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली, आणि तीच सांगायला मी बसलोय. बौद्धवाड्यात एकालाही नारू नाही. म्हाताऱ्याला नाही, पोराला नाही. कारण त्यांना बारवेत कधी उतरू दिलं नाही. त्यांचा आड आहे, अरुंद, काठ बांधलेला, पोहऱ्यानं शेंदायचा. पाण्याला पाय लागतच नाही. मचूळ आहे, पण साफ आहे.

तेच पाणी, दादा. वाड्यातल्या तुझ्या दोस्ताच्या, बाबूच्या बहिणीच्या लग्नात तू जे प्यालास, आणि आईनं गोमूत्र आणेपर्यंत तुला गोठ्यात बसवलं, ते. "ह्या घरचं पाणी पुन्हा तोंडात घालणार न्हाय," म्हणून तू त्याच रात्री गेलास. त्यानंतरचा उन्हाळा तू इथं नव्हतास. मी आणि आई होतो. वहिनी आणि मुक्ता माहेरी होत्या. म्हणजे तुम्ही तिघं अजून कोरे आहात. मुक्ताच्या पोटात काही जायचं असेल तर ते ह्याच दिवसांत जाणार. त्यात माझंही असेल. शांतलिंग म्हणाला, "तू येकटाच न्हाईस रं, कितीतरी पाय हायेत." पण मला त्या पाण्यात माझाच पाय दिसतो.

तू आईला एक ओळ लिही. 'मुक्ताला बाबूच्या आडाचं पाणी द्या.' बस. माझं ती ऐकत नाही, मी आठवीत नापास झालेला आणि टोपी माकडाला दिलेला. वहिनी म्हणते, "भावजी, त्यांनी लिवलं तर आत्या ऐकतील. म्या कशी बोलू? ज्याच्या जिवावर बोलायचं त्योच हितं न्हाय."

महारुद्र


बाबूचं घर
२४ मे

दादा,

पत्ता बघून समजला असशील.

तुझी ओळ येईना म्हणून मीच आईला सांगितलं. पोरीपुरतं, एक तांब्या, त्या आडाचं. आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली. ती करपली तरी तिनं काढली नाही. म्हणाली, "एकाला त्या पाण्यानं नेलं. आता तुलाबी त्याच पाण्याची चटक लागली असंल तर तिकडंच ऱ्हा." मी काठी घेतली. मला वाटलं ती हाक मारील. तिला वाटलं असेल मी वळेन. आपल्या घरात सगळ्यांना हेच वाटत असतं.

बाबू तुझी आठवण काढतो. शिपाई झालाय शाळेत, मिशा ठेवल्यात. मला बघून म्हणाला, "थोरला पाणी प्याला, धाकटा मुक्कामाला आला. आता तुमची आई तेवढी ऱ्हायली." त्याची आई भिमाबाई रोज सकाळी माझी काडी फिरवते. तिच्या हाताला काय माहीत कसं कळतं, कुठं सैल आहे आणि कुठं थांबायचं. मी फिरवतो तेव्हा घाई होते.

काल बुद्ध पौर्णिमा झाली. वाड्यात खीर होती. आडाच्या पाण्याची, किंचित खारी. मला दोनदा वाढली.

खीर झाल्यावर मी मुक्ताच्या पाण्याचं काढलं. आडाचं पाणी खाली गेलंय, पहाटे पाळीनं शेंदतात, घराला दोन घागरी. मी म्हणालो, एक कळशी, लहान पोरीसाठी. बरीच माणसं बसली होती. मग बाबू बोलला, आवाज न चढवता.

"महारुद्रा, माझी आजी तुमच्या बारवेच्या वरल्या पायरीला घागर ठिवून बसायची. वाढा वं माय पाणी, वाढा वं माय पाणी. दुपार व्हायची. कुणाला वाटलं तर वतायचं, वरनं. आता पाणी मागायचं असंल तर तुझ्या आईनं येऊन मागावं. तू कशाला मधी?"

भिमाबाईनं त्याला गप्प केलं. "पोरीला पाणी द्यायला पंचायत लागती व्हय? म्या माझ्या वाटणीतलं देते." आणि लगेच माझ्याकडं वळून, "पर सांग, माझी कळशी तुझ्या आईच्या दारात कोण ठिवून घेईल?"

वहिनीनं लपून न्यावं असं वाटलं. ती वाड्याच्या कडेनं कामाला जाते, मी हाक मारली. ती थांबली, पण रस्ता सोडून आत आली नाही. म्हणाली, "भावजी, घागर लपवू, पर पाण्याची चव कशी लपवू? आत्यांच्या जिभंला लगीच कळंल." खरंच आहे. बारवेचं गोड आहे. गोड पाण्याचा आपल्याला किती अभिमान, लेकी द्यायला लोक ह्या पाण्यावर येतात असं आजोबा म्हणायचे.

पंधरवडा भरला, दादा. पौर्णिमेचा चांद बघून मी तोच हिशेब करत होतो.

महारुद्र


बाबूचं घर
३ जून

दादा,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ मागितली होती, एकच पाठवलीस. 'त्या घरच्या पाण्याचं मला पुन्हा काही लिहू नको.'

बाबूनंही वाचलं आणि कार्ड परत माझ्या हातात दिलं. म्हणाला, "त्याचा बाणा अजून तसाच हाय." मला वाटलं होतं तो तरी तुझ्यावर चिडेल. उलट त्याला तू आवडतोस. तू त्याच्या घरचं पाणी प्यालास आणि त्यापायी घर सोडलंस, त्याला तेवढंच दिसतं. तुझी मुलगी कुठलं पाणी पिते हे त्या बाण्यात बसत नाही.

मग मी एक उद्योग केला. राग येऊ देऊ नको, आला तर येऊ दे. तुझ्या नावानं आईला कार्ड लिहिलं. अक्षर बाबूनं काढलं, शाळेत तुम्ही एका पाटीवर शिकलात, त्याला जमतं. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तुझी फार आठवण येते. मुक्ताला आडाचं पाणी देत जावं, माझी शपथ आहे.' शांतलिंगला सांगितलं, तू वाचून दाखव. तो आधी नको म्हणाला, सरकारी माणूस आहे. मग गेला.

संध्याकाळी परत आला, सायकल भिंतीला लावली आणि हसावं की काय करावं त्याला कळेना. म्हणाला, आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पयली ओळ पुन्यांदा वाच." त्यानं वाचली. आई म्हणाली, "ह्ये त्येचं न्हाय. जाताना पाया पडला न्हाय त्यो कार्डावर पडंल व्हय? माझा उत्तरेश्वर असं गोड लिवत नसतो. महारुद्राला सांगा, सोताचा पाय कसा हाय ते लिव म्हणावं. दुसऱ्याच्या नावानं कशाला."

नमस्कारानं घात केला. कोरडं लिहिलं असतं तर ती फसली असती. पण शांतलिंग म्हणतो, कार्ड तिनं फाडलं नाही, देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या पाळ्यामागं खोचून ठेवलं. खोटं आहे हे माहीत असून.

पायाचं लिहायचं राहिलं. काल मी नारू तोडला. भिमाबाई शेतावर गेली होती, दुपार सरेना, समोरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. खरं तर इथं हॉर्न ऐकू यायला सडक किती लांब, पण आला. वाटलं, थोडाच राहिला असेल. ओढला. रबरासारखा ताणला गेला आणि तुटून आत गेला. काडीवर जेवढा होता तेवढा राहिला. आज पाय मांडीपर्यंत सुजलाय, अंगात ताप आहे. भिमाबाईनं काडी उचलून कोनाड्यात ठेवली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतलिंग उद्या उमरग्याला नेतो म्हणाला, जीप मिळाली तर.

महारुद्र


बाबूचं घर
९ जून

दादा,

अक्षर वाकडं आहे, पडून लिहितोय. उमरग्याला नेलं होतं. डॉक्टरनं पाय चिरला, पू काढला, सुया दिल्या, परत पाठवलं. पाय वाचेल म्हणाला, पण पावसाळाभर टेकता येणार नाही. त्यालाही मी विचारलं, पोटात गेलेल्या पिल्लाला काही औषध? तो म्हणाला, शोधतायत. शोधतायत हा शब्द दवाखान्यात किती हलका वाटतो. इथं आणेपर्यंत जड होतो.

पाऊस नाही. मृग लागला म्हणे कालपासून, पण आभाळ तव्यासारखं. आडाला आज तळाचा गाळ लागला. बाबूनं दोर धरून खाली उतरायचं ठरवलं होतं, गाळ काढायला, तर भिमाबाईनं त्याला अडवलं. "आडात पाय घालायचा न्हाय. आडाला आजवर पाय लागला न्हाय." आता बांबूला टोपलं बांधून वरूनच गाळ काढतात. घराला एक घागर झालीय.

मी तुला आता काही मागत नाही. मुक्ता महिनाभर तेच पाणी पीत आली. गेलं असेल तर गेलं, नसेल गेलं तर रोज सकाळी नव्यानं जाऊ शकतं. हे कुणालाच कळणार नाही, पुढच्या चैत्रापर्यंत. ती तोवर उड्या मारील. मी तिच्या पायांकडं बघत बसेन. वहिनीचा निरोप होता की खोलीचं काय झालं ते तेवढं लिहा. तेवढं लिही, पाण्याचं नको लिहू.

काल शांतलिंग म्हणत होता, गावात आता नवे फोड निघतायत, गेल्या उन्हाळ्याचे शेवटचे. आपल्या आळीत दोन. कुणाकुणाला ते मी विचारलं. तो म्हणाला, "बरं हाय, तू आधी झोप."

दादा, थांब. बाहेर कुत्री भुंकतायत. पोरं पळाली. भिमाबाई दारातून वाकून बघतेय.

"महारुद्रा," ती म्हणाली, "तुझी आई आली रं."

मी मान वळवलीय. दाराच्या चौकटीतून आडाचा काठ दिसतो, त्याच्या अलीकडं बाभळ. बाभळीखाली आई उभी आहे. डोक्यावर पदर. कमरेवर आपली पितळी घागर, आणि घागरीच्या तोंडाला पांढरं कापड बांधलंय. कापडाला लाल दोरा आहे. झबलं उसवलंय तिनं. डावा पाय ती टेकत नाहीये. घोट्याला चिंधी गुंडाळलीय; शांतलिंगनं नावं का सांगितली नाहीत ते आत्ता कळलं. बारव तिच्या वाटेवर होती, दादा, आणि ती आग मला माहीत आहे. चिंधी कोरडी आहे, पाय तिनं पाण्यात घातला नाही.

मला उठता येत नाही.

वाड्यातली माणसं दारादारात उभी आहेत. बाबू हातातलं टोपलं खाली ठेवून सरळ झालाय. आई ना पुढं येते ना मागं जाते. भिमाबाई पदरानं हात पुसत तिच्यापर्यंत गेली, दोघींच्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा ठेवून थांबली.

"विठाबाई, घागर खाली ठिवा," ती म्हणाली. "आपल्या हातानं शेंदणार, का म्या वतू?"

आईचे ओठ हलले. इथवर ऐकू आलं नाही.